तात्पर्याची छडी

गेल्या उपवासकाळात आमच्या धर्मग्राम मंडळाच्या सभेत एक ठराव आला. रविवारच्या धर्मशिक्षणाच्या वर्गातील लहान मुलांना वाटण्यासाठी जुन्या काळातील नीतिकथांचे एक पुस्तक पुन्हा छापावे, असा तो ठराव. एका सज्जन धर्मग्रामस्थाने आपल्या दिवंगत वडिलांच्या स्मरणार्थ तीनशे प्रतींचा खर्च देऊ केला होता आणि नमुन्यादाखल वडिलांच्या पेटीत सापडलेली प्रत सभेपुढे ठेवली होती. प्रत अगदी जीर्ण, कसरीने खाल्लेली. मुखपृष्ठ गळून पडलेले, त्यामुळे लेखक कोण व छापखाना कोणता हे कळायला मार्ग नाही. ती हातोहात फिरली. जुन्या कागदाच्या वासाने की काय कोण जाणे, सर्वांचे चेहरे उजळले. आमच्या लहानपणी अशी पुस्तके होती म्हणून आम्ही घडलो; आजच्या मुलांच्या हाती मोबाइल आला आणि संस्कार गेले, असे एकामागून एक सांगू लागले.

विरोध केला तो एकट्या मी. धर्मगुरूनेच नीतीच्या पुस्तकाला नकार द्यावा याचे साऱ्यांना नवल वाटले, काहींना वाईटही वाटले. सभेत वेळ थोडा होता आणि माझे बोलणेही काहीसे तिखट झाले. म्हणून जे तेव्हा नीट मांडता आले नाही ते येथे मांडतो.

प्रथम या पुस्तकांचे ऋण मान्य करतो. मराठी मुलांच्या हाती छापील गोष्ट आली तीच मुळी नीतीचे बोट धरून. तंजावरच्या सरफोजी राजांच्या आश्रयाने १८०६ मध्ये इसापाच्या कथा ‘बालबोधमुक्तावली’ या नावाने मराठीत उतरल्या. पुढे १८२८ मध्ये मुंबईत सदाशिव काशीनाथ छत्रे यांची ‘इसापनीतिकथा’ व ‘बाळमित्र’ ही दोन पुस्तके निघाली. त्यांतील ‘बाळमित्र’ मूळचे आर्नो बेर्कॅं या फ्रेंच लेखकाचे. ते इंग्रजीच्या वाटेने आपल्याकडे आले. अमेरिकन मिशनने १८७२ मध्ये ‘बालबोधमेवा’ हे मुलांसाठीचे मासिक काढले, आणि १८८१ मध्ये विनायक कोंडदेव ओक यांनी ‘बालबोध’ सुरू केले. पोथी आणि कीर्तन ही मोठ्यांसाठी होती. लहान मुलाला समोर बसवून, त्याच्यासाठी म्हणून साधे गद्य लिहिण्याची कल्पनाच येथे नवी होती. ती या मंडळींनी रुजवली. प्रॉटेस्टंट बंधूंनी त्यात मोठा वाटा उचलला. मराठी बालवाङ्मयाच्या त्या पहिल्या पर्वात आपली कॅथलिक नावे शोधूनही फारशी सापडत नाहीत, ही गोष्ट मनाला लागते. तेव्हा त्या पुस्तकांची थट्टा करण्याचा अधिकार निदान आपल्याला नाही.

परंतु ऋण मान्य करणे वेगळे आणि तेच नाणे आज पुन्हा चलनात आणणे वेगळे.

सभेपुढे आलेली प्रत मी घरी आणून दोनदा वाचली. प्रत्येक गोष्टीखाली एक आडवी रेघ, आणि रेघेखाली ठळक अक्षरांत ‘तात्पर्य’. अकराव्या पानावर मुंगी आणि टोळ यांची सर्वांना ठाऊक असलेली कथा आहे. उन्हाळाभर टोळ गात राहिला, मुंगीने दाणे साठवले. हिवाळ्यात भुकेलेला टोळ दारी आला तेव्हा मुंगीने त्याला चार शब्द सुनावून परत पाठवले. तात्पर्य काय, तर आळस करू नये व वेळीच संचय करावा. त्या तात्पर्याखाली, मोकळ्या जागेत, कोणा मुलाने बोथट पेन्सिलीने लिहिले आहे, ‘मग टोळाचे काय झाले?’

प्रत देणाऱ्या सज्जनांच्या वडिलांचेच ते अक्षर असेल काय? कोणाचेही असो. छापील पानाच्या साऱ्या मजकुरात ख्रिस्ती प्रश्न तेवढा एकच आहे, असे मला वाटते. आपण धर्मशिक्षणाच्या वर्गात हे पुस्तक वाटणार. त्याच वर्गात पुढच्या रविवारी मत्तयच्या शुभवर्तमानाचा पंचविसावा अध्याय शिकवणार, ज्यात अखेरच्या न्यायाच्या वेळी राजा विचारतो तो भुकेल्यांविषयी, तहानेल्यांविषयी, परक्यांविषयी. भुकेला माणूस कष्टाळू होता की आळशी, उन्हाळ्यात तो गात होता की राबत होता, याची चौकशी त्या अध्यायात कोठेही नाही. त्या न्यायासनापुढे आमची मुंगी कोणत्या बाजूला उभी राहील, याचा विचार ठराव मांडणाऱ्यांनी केला आहे काय?

यात इसापाचा दोष नाही. परंपरा सांगते की तो गुलाम होता. गुलामाला जगायला सद्गुणापेक्षा शहाणपण अधिक लागते, आणि त्याच्या कथा शहाणपणाच्याच आहेत. लांडगा कोकराला खातो. कोकराची बाजू खरी असूनही खातो. जग असे आहे, जपून राहा, एवढेच ती कथा सांगते. तात्पर्ये बहुतांशी पुढच्या संग्राहकांनी जोडली, आणि एकाच कथेला निरनिराळ्या संग्रहांत निरनिराळी तात्पर्येही मिळतात. आपण त्या चतुराईच्या कथांना नीतीचा अंगरखा चढवला आणि मग नीतीचा पाठ म्हणून मुलांकडून त्या घोकून घेतल्या.

दुसऱ्या जातीच्या गोष्टी याहून गंभीर आहेत. त्यांत प्राणी नसतात, मुले असतात. आज्ञाधारक मुलाला खाऊ मिळतो, शाबासकी मिळते, पुढे तो मोठा साहेब होतो. खोटे बोलणारा मुलगा झाडावरून पडतो, प्रार्थना टाळणारा बुडतो, भिकाऱ्याला हसणारी मुलगी आंधळी होते. या जातीचा उगम पाहायचा तर इंग्लंडात जावे लागेल. जेम्स जेनवे या प्युरिटन उपदेशकाचे १६७१-७२ मधील एक पुस्तक तेरा लहान मुलांच्या पवित्र मरणांची वर्णने करते, आणि ते लहान मुलांनीच वाचावे म्हणून लिहिलेले आहे. मिसेस शेरवुड नावाच्या बाई दहा वर्षे हिंदुस्थानात राहिल्या; त्यांचे ‘लिटल हेन्री अँड हिज बेअरर’ हे १८१४ मधील पुस्तक याच भूमीवर घडते. तेथेही पोरका इंग्रज बालक आपल्या हिंदी नोकराला धर्म शिकवतो आणि मरतो. याच बाईंच्या १८१८ मधील ‘फेअरचाइल्ड फॅमिली’त भावंडांचे भांडण झाले म्हणून बाप त्यांना रानात घेऊन जातो आणि भावाचा खून करणाऱ्या माणसाचे फाशीच्या खांबाला लटकणारे प्रेत दाखवतो. भांडू नये, हे तात्पर्य! (या बाईंनी पुढे आपल्या कॅथलिक धर्माविरुद्धही कादंबऱ्या लिहिल्या. पण त्यासाठी मी त्यांच्यावर रागावलेलो नाही. प्रेत दाखवणाऱ्या बापासाठी रागावलो आहे.)

कोणी म्हणेल, फादर, ही दोनशे वर्षांपूर्वीची विलायती उदाहरणे झाली. आमच्या पुस्तकात प्रेत नाही. खरे आहे. प्रेत नाही; पण एक बुडालेला मुलगा आहे. एकोणतिसाव्या पानावर. रविवारी मिस्सा चुकवून तो नदीवर गेला आणि बुडाला. ही गोष्ट मला वाचावी लागली नाही. ती मला पाठ आहे, कारण ती मी स्वतः सांगितलेली आहे.

पंचवीस वर्षांपूर्वीची हकिकत. नुकताच धर्मगुरू झालो होतो आणि एका धर्मग्रामात साहाय्यक म्हणून काम पाहत होतो. पहिल्या कम्युनियनच्या वर्गाला रविवारच्या मिस्सेचे महत्त्व पटवायचे होते. अशाच एका जुन्या पुस्तिकेतून ती कथा मी घेतली आणि चांगली रंगवून सांगितली. वर्ग स्तब्ध झाला. मला समाधान वाटले. तरुण वक्त्याला शांततेचे समाधान वाटतेच. वर्ग सुटला. सर्व मुले धावत बाहेर गेली आणि एक मुलगी बाकावर बसून राहिली. आठ वर्षांची असेल. ती म्हणाली, ‘‘फादर, माझा दादा मिस्सेला गेला होता.’’

मला काही कळेना. मी म्हटले, ‘‘बरं मग?’’ तिने पुन्हा तेच सांगितले, ‘‘मिस्सेला गेला होता. मी पण गेले होते, त्याच्या बाजूलाच बसले होते.’’

आदल्या पावसाळ्यात तिचा भाऊ वाडीतल्या बावखलात पाय घसरून बुडाला होता. मी त्या धर्मग्रामात नवा होतो, मला हे ठाऊक नव्हते. त्या दिवशी मी तिला काय उत्तर दिले ते आठवत नाही. म्हणजे धड काही दिलेच नसावे. संध्याकाळी तिच्या घरी गेलो. आई ओसरीवर भाजीच्या जुड्या बांधत होती. तिने मला खुर्ची दिली, पाणी दिले, आणि हातातले काम न थांबवता म्हणाली, ‘‘फादर, पोरगी तरी त्याची मिस्सा मोजते. मी तर रोज माझंच पाप शोधते. त्या सकाळी मी सासूला उलट बोलले होते.’’

वाचकहो, नीतिकथेचे गणित उलटे सोडवले की काय उत्तर येते, ते त्या ओसरीवर मला दिसले. खोडकर मुलगा बुडतो असे शिकवले की जो बुडाला त्याची खोडी शोधणे आलेच. मुलाची सापडली नाही तर आईची शोधायची. आपण भोळेपणाने म्हणतो की या गोष्टींनी मुलांना फक्त चांगले वळण लागते. पण वर्गातील तीस मुलांपैकी कोणाचा बाप अंथरुणाला खिळलेला असतो, कोणाचे बहीण-भावंड गेलेले असते, कोणी स्वतः पायाने अधू असते. त्या मुलांपुढे ही गोष्ट वाचणे म्हणजे त्यांच्या घरावर आरोपपत्र चिकटवणे होय.

हे आरोपपत्र प्रथम कोणी लिहिले हे आपल्या धर्मग्रंथात नोंदलेले आहे. अलीफज, बिल्दद आणि सोफर. इयोबाचे हे तिघे मित्र म्हणजे नीतिकथांचे आद्य लेखक. मुले मेली, गुरेढोरे गेली, अंगभर फोड उठले, त्याअर्थी तू काहीतरी केलेच असले पाहिजेस, आठवून पाहा. त्यांची भाषा सुंदर आहे, देवाविषयी आदर तर पदोपदी आहे. आणि ग्रंथाच्या शेवटी देव कोणावर रागावतो? ओरडणाऱ्या, वाद घालणाऱ्या इयोबावर नव्हे. देवाची बाजू घेणाऱ्या या तिघांवर. इयोबाने त्यांच्यासाठी प्रार्थना करावी तेव्हा त्यांची सुटका होते. येथे कोणी चतुर वाचक म्हणेल की अखेरीस इयोबालाही दुप्पट संपत्ती मिळाली, म्हणजे बक्षीस मिळालेच. मेंढरे दुप्पट झाली खरी. पण मेलेली मुले परत आली नाहीत, दुसरी झाली. यांतील फरक त्या ओसरीवरच्या आईला विचारावा.

आपल्या प्रभूलाही हाच प्रश्न दोनदा विचारला गेला. जन्मांध माणसाला पाहून शिष्यांनी विचारले की पाप याचे की याच्या आईबापांचे. प्रभूने दोन्ही नाकारले. शिलोहाचा बुरूज कोसळून अठरा माणसे ठार झाली तेव्हा ती इतर यरुशलेमकरांपेक्षा अधिक पापी होती असे समजू नका, असे त्याने बजावले. तेथे त्याने पश्चात्तापाची हाकही दिली आहे, हे मी लपवत नाही. पण ती हाक जिवंत ऐकणाऱ्यांना आहे. मेलेल्यांच्या माथी दोष मारून दिलेली नाही.

आक्षेपक तयारीचे असतील तर ते अलीशा संदेष्ट्याची अस्वले काढतील. टक्कल पडलेल्या संदेष्ट्याला चिडवणारी बेचाळीस मुले अस्वलांनी फाडली, हे बायबलातच आहे ना? आहे. हनन्या आणि सप्पीराही आहेत. सेमिनरीत या उताऱ्यांवर आमच्याही चर्चा झाल्या होत्या आणि आजही ते माझ्या घशाखाली सहज उतरत नाहीत. परंतु ख्रिस्तसभा बायबल एकेका पानाने वाचत नाही, सबंध वाचते, आणि सबंध वाचायचे ते ख्रिस्ताच्या उजेडात. ज्याने मुलांना जवळ येऊ द्या म्हटले त्याला मागे सारून अस्वलांना वर्गात पुढे बसवायचे काय, हे आपणच ठरवायचे आहे.

प्रभू स्वतः गोष्टी कशा सांगे, तेही पाहा. द्राक्षमळ्यातील कामकऱ्यांचा दाखला घ्या. दिवसभर राबलेल्यांना आणि शेवटच्या तासाला आलेल्यांना तोच एक दीनार. आमच्या नीतिकथेचा लेखक हा हिशेब पाहून घेरी येऊन पडेल. उधळ्या पुत्राच्या दाखल्यात आज्ञाधारक थोरला मुलगा शेवटी अंगणात रुसून उभा आहे, बाप त्याची विनवणी करतो आहे, आणि गोष्ट तेथेच थांबते. तो आत गेला की नाही? लूकने सांगितलेले नाही. शोमरोन्याच्या गोष्टीनंतर प्रभूने तात्पर्य सांगितले नाही. शास्त्र्यालाच उलट विचारले की तुझ्या मते त्या माणसाचा शेजारी कोण ठरला? उत्तर शास्त्र्याच्या तोंडून काढले आणि मग त्याला कामाला लावले. पेरणाऱ्याच्या दाखल्याचा अर्थ त्याने उलगडून सांगितला हे खरे, पण शिष्यांनी विचारल्यावर, त्यांना वेगळे घेऊन.

फादर थॉमस स्टीफन्सने हे ओळखले होते. १६१६ मध्ये राशोलला छापलेल्या त्याच्या ‘ख्रिस्तपुराणा’त सुमारे अकरा हजार ओव्या आहेत आणि त्या सांगता सांगता श्रोते मध्येच थांबवून शंका विचारतात. पाद्री रागावत नाही. शंकेला उत्तर देऊन मगच कथा पुढे नेतो. मराठीतील आपल्या पहिल्या मोठ्या ग्रंथात प्रश्नाला जागा आहे. चारशे वर्षांनंतर आपण मुलांसाठी पुस्तक छापतो त्यात मात्र प्रश्नाच्या जागी रेघ!

‘लहान मुलांना इतके खोल कसे पचणार? त्यांना सोपेच द्यावे लागते,’ असे सभेत एक शिक्षिका म्हणाल्या. त्यांचा अनुभव मोठा आहे, म्हणून या आक्षेपाला मी मान देतो. पण सोपे म्हणजे खोटे नव्हे. दोन उदाहरणे देतो.

बव्हेरियात ख्रिस्टोफ फॉन श्मिड नावाचे एक कॅथलिक धर्मगुरू होऊन गेले. जन्म १७६८, मृत्यू १८५४. थानहाउसेन या लहानशा गावात वीस वर्षे ते शाळा सांभाळत होते. शाळा सुटल्यावर मुलांना बक्षीस म्हणून ते आपली कथा वाचून दाखवत. अट एवढीच की मुलांनी ती घरी जाऊन आपल्या शब्दांत लिहून आणावी. मुलांनी लिहिलेले वाचून त्यांना कळे की मूल काय धरून ठेवते आणि काय सोडून देते. अशा रीतीने ते पुस्तकांची नव्हे, मुलांची भाषा शिकले. १८२३ मधील त्यांच्या ‘फुलांची परडी’ या कथेत माळ्याच्या निर्दोष मुलीवर अंगठी चोरल्याचा आळ येतो आणि बाप-लेकीला गावाबाहेर काढले जाते. अंगठी एका पक्ष्याने घरट्यात नेलेली असते आणि ती अखेर सापडते. हिशेब पूर्ण होतो. त्या काळच्या लेखकाला तो पूर्ण केल्याविना राहवत नसे, आणि श्मिड यांचा हा दोष मी झाकत नाही. पण अंगठी सापडण्यापूर्वीच तो सच्चा बाप परक्या ठिकाणी मरून गेलेला असतो. तेथे श्मिड यांनी मुलांना फसवले नाही.

दुसरे उदाहरण घरचे. साने गुरुजींनी नाशिकच्या तुरुंगात १९३३ मध्ये लिहिलेली आणि १९३५ मध्ये प्रसिद्ध झालेली ‘श्यामची आई’. ठराव मांडणाऱ्यांनी तिचेही नाव घेतले होते, आणि तेथेच त्यांचा युक्तिवाद ढासळला असे मी म्हणतो. त्या पुस्तकात उपदेश विपुल आहे. आजच्या टीकाकारांना तो अधिकच वाटतो. पण त्यात हिशेब कोठे आहे? आई सत्याने वागते आणि दारिद्र्यात झिजून मरते. श्याम तिच्यावर जीव टाकतो आणि तिच्या शेवटच्या क्षणी तिच्याजवळ नसतो. चांगुलपणाचा मोबदला म्हणून कोणालाही काही मिळत नाही. तरीही पिढ्यान्‌पिढ्या मुले ते पुस्तक वाचून रडली आणि कशी कोण जाणे, थोडी बदलली. मुलांना सोपे लागते म्हणणाऱ्यांनी या पुस्तकाची टिपे मोजावीत.

आणखी एक बाजू आहे, तिच्याशीही माझे जमत नाही. नीतीचा वासच नको, मुलांना निव्वळ करमणूक द्या, मोठी झाली की आपले आपण ठरवतील, असे म्हणणारे सुशिक्षित पालक आता आपल्यातही आहेत. ही मुले मोठी होईपर्यंत कोणी थांबत नाही. बाजार त्यांना काय हवे ते आजच शिकवतो. माझा वाद नीतीशी नाही. नीतीला किराणा दुकानाच्या वहीत उतरवण्याशी आहे.

देणगीदार सज्जनांना मी भेटलो. आधी ते दुखावले होते. त्यांना मी अकरावे पान दाखवले. पेन्सिलीचे अक्षर त्यांनी चष्मा काढून, प्रत डोळ्यांजवळ धरून बराच वेळ पाहिले. अक्षर वडिलांचे की थोरल्या काकांचे हे त्यांना सांगता येईना. मी सुचवले की तोच पैसा दुसऱ्या पुस्तकाला लावावा. आपल्या वाड्यांतील आज्यांकडून गोष्टी गोळा कराव्यात, त्यांच्याच बोलीत. संतांची चरित्रे त्यांच्या चुकांसकट लिहावीत. प्रभूचे दाखले काहीही न जोडता छापावेत. आणि प्रत्येक गोष्टीखाली अर्धे पान कोरे सोडावे, म्हणजे मुलाला पेन्सिल चालवता येईल. कोऱ्या कागदाचा खर्च फुकट जाईल, असे मंडळाच्या खजिनदारांचे म्हणणे आहे.

ठराव अजून निकालात निघालेला नाही. आगमनकाळाच्या पहिल्या रविवारी दुसऱ्या मिस्सेनंतर सभा आहे. मूळ प्रत माझ्या कार्यालयात टेबलावर ठेवली आहे. मत देण्यापूर्वी मंडळाच्या प्रत्येक सभासदाने ती वाचावी, आणि एकोणतिसावे पान मोठ्याने वाचावे. वर्गात ते मोठ्यानेच वाचले जाणार आहे.